घरच्या सुतारकामासाठी पॉवर टूल्स: कमी बजेटमध्ये आधी काय घ्यायचं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा: घरात एक छोटी जागा मोकळी झालीय, हातकरवत, रंधा आणि पटाशीची थोडी सवय आहे, आता शेल्फ, टेबल, पलंग, छोट्या पेट्या असं नीट बनवायचंय, पैसे बेताचे आहेत, आणि कळत नाहीये की टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत) आधी घ्यावा की सात-आठ टूल्सचा कॉम्बो किट घ्यावा, बॅटरीचं घ्यावं की वायरचं, आणि किती वॅटचं. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, स्वस्त आणि महाग दोन्ही टूल्स हाताखालून गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण इथे खरेदीचा क्रम चुकला की पैसे जातात ते जातातच पण हौसही मरते, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कॉम्बो किट नको. टेबल सॉ पण सुरुवातीला नको. आधी एक वायरवाला सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत), एक बॅटरीचं ड्रिल, एक रँडम ऑर्बिट सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन), आणि यांच्यावर हात बसला की छोटा राउटर (खाचा पाडायचं आणि कडा घडवायचं मशीन). एवढ्यात घरातलं बहुतेक फर्निचर होतं, खरंच होतं. आणि बजेटचा निदान तिसरा हिस्सा मशीनवर न घालता ब्लेड, बिट, क्लॅम्प, एक चांगला गुण्या (काटकोन तपासायचं साधन), मास्क आणि व्हॅक्युमसाठी बाजूला काढा. साध्या मशीनला चांगलं ब्लेड लावलं तर कड काचेसारखी निघते, आणि महागड्या मशीनला बोथट ब्लेड लावलं तर प्लाय फाटणारच, लाकडाला शेवटी दात लागतात, मोटर नाही.

वॅटचं आधी उरकून टाकू कारण सगळे त्यातच अडकतात. रेटिंग प्लेटवरचे (मशीनवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवरचे) वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, पात्यापर्यंत किती ताकद पोचते ते नाही. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात एचपी (अश्वशक्ती) छापलेला असेल तर साधा हिशोब करा, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, मग खोक्यावर ५ एचपी आणि प्लेटवर १५०० वॅट लिहिलं असेल तर एक आकडा खोटा आहे, आणि तो खोक्यावरचा. अशा मशीनकडे मी वळूनही बघत नाही, कारण जो ताकद फुगवून सांगतो तो बेअरिंग कुठलं घालत असेल याची कल्पना करा. घरगुती कामासाठी सर्क्युलर सॉ १२०० ते १४०० वॅट, छोटा राउटर ५०० ते ७००, सँडर २५० ते ३००, इतकं भरपूर झालं. त्याच्या वरचे पैसे पात्यावर लावा.

आता सर्क्युलर सॉ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हेच तुमचं मुख्य मशीन होणार. साधारण १८४-१८५ मिलिमीटर ब्लेडचा, म्हणजे सव्वासात इंची घ्या, तो सरळ कापताना ६० मिलिमीटरच्या वर खोल जातो, ४५ अंशात तिरका केला तरी ४० च्या वर जातो, म्हणजे प्लायच काय, टेबलाचे जाड पायही निघतात. दुकानात हातात घेतल्यावर मोटर चालू करून बघायच्या आधी बेस प्लेट बघा. स्वस्त सॉ मध्ये ती पत्र्याची दाबून केलेली असते, कधी पिळलेली असते, सपाट काचेवर किंवा काउंटरवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा, डुगडुगली तर परत ठेवा. मग (प्लग काढलेला असताना, हे प्रत्येक वेळी गृहीत धरा) ब्लेड पूर्ण खाली करून गुण्या बेसला आणि ब्लेडच्या सपाट अंगाला लावा, दाताला नाही, कारण कार्बाइडचे दात ब्लेडच्या अंगापेक्षा थोडे बाहेर असतात आणि गुण्या दातावर टेकला तर खोटं माप दिसतं. ९० अंशाचा थांबा तिथे नीट बसला पाहिजे, किंवा बसवता आला पाहिजे. त्यानंतर ब्लेडच्या पुढच्या टोकापासून बेसच्या कडेपर्यंतचं आणि मागच्या टोकापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही सारखं हवं, नाहीतर सॉ पट्टीला लावून चालवताना ब्लेडची मागची बाजू लाकडाला घासत जाते, जळल्याचा डाग पडतो आणि मशीन ढकलावं लागतं, आणि मग माणूस म्हणतो की मोटर कमजोर आहे. शेवटी ब्लेड धरून आत-बाहेर ओढून बघा, खेळ लागला नाही पाहिजे, आणि खालचा गार्ड उघडून सोडला की स्प्रिंगने झटकन स्वतः बंद झाला पाहिजे. गार्ड अडकत असेल तर तो सॉ फुकट मिळाला तरी घेऊ नका.

सोबत येणारं ब्लेड बहुतेक १८ किंवा २४ दातांचं असतं, ते भरीव लाकूड रेषेच्या (तंतूंच्या) दिशेने चिरायला ठीक. प्लायला ४० ते ६० दातांचं वेगळं घ्या. घेताना मधल्या भोकाचं माप बघून घ्या, कुठे १६ असतं, कुठे २०, २५.४, ३०, रिंग टाकून जुळवता येतं पण रिंग नीट घट्ट बसणारीच हवी, आणि ब्लेडवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला किती फेरे) तुमच्या सॉच्या आरपीएमपेक्षा जास्तच असला पाहिजे, यात तडजोड नाही.

लोक म्हणतात सर्क्युलर सॉ ने सरळ कापलं जात नाही म्हणून टेबल सॉ हवा. हाताने मोकळा चालवला तर नाहीच जाणार, त्यासाठी पट्टी बनवायची, आणि तुमचा पहिला प्रोजेक्ट हाच असू द्या. ६ मिलिमीटर प्लाय किंवा एमडीएफचा साधारण ३०० रुंद तुकडा घ्या, हा खालचा बेस. त्यावर ९ किंवा १२ मिलिमीटर जाडीची, साधारण ७५ रुंद पट्टी गोंदाने आणि बारीक स्क्रूने बसवा, पट्टीची जी कड सॉ च्या बाजूला येणार ती फॅक्टरीतून कापून आलेली कड असू द्या कारण ती सरळ असते. पट्टीच्या एका बाजूला बेस सॉ च्या प्लेटपेक्षा एक-दोन इंच जास्त रुंद सोडा, दुसऱ्या बाजूला क्लॅम्प लावायला जागा ठेवा. गोंद वाळला की सॉ पट्टीला चिकटवून एकदा शेवटपर्यंत चालवा, जास्तीचा बेस कापून पडतो, आणि जी कड उरते ती म्हणजे बरोब्बर तुमच्या ब्लेडची रेषा. आता पेन्सिलच्या खुणेवर ती कड ठेवायची, दोन क्लॅम्प मारायचे, कापायचं, मापं काढत बसायची गरजच नाही. पट्टी फार जाड घेऊ नका, सॉ खाली उतरवला की मोटरचा डबा तिला धडकतो. बेसची कड प्लाय दाबून धरते त्यामुळे चिरफाळ्याही त्या बाजूला निघत नाहीत, म्हणून पट्टी नेहमी ठेवायच्या तुकड्यावर ठेवा, फेकायच्या तुकड्यावर नाही, आणि ब्लेडच्या जाडीइतकं, साधारण दोन मिलिमीटर लाकूड जातं ते पलीकडच्या तुकड्यातून जाऊ द्या. ब्लेड बदललं आणि त्याची जाडी वेगळी असली तर ही पट्टी खोटी पडते, म्हणून दोन ब्लेड असतील तर दोन पट्ट्या, आणि प्रत्येकीवर ब्लेडचं नाव लिहून ठेवा. एक लांब पट्टी २४४० च्या शीटला पुरेल अशी आणि एक छोटी १२२० साठी, दोन्ही शीटपेक्षा थोड्या लांब, कारण कापायच्या आधी आणि नंतर सॉ ला टेकायला जागा लागते.

अजून दोन गोष्टी. सर्क्युलर सॉचं ब्लेड खालून वर कापतं, त्यामुळे प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची (टेबल सॉ वर नेमकं उलटं, चांगली बाजू वर). आणि शीट दोन घोडींवर टाकून मधोमध कापू नका, मधे झोल पडतो, काप बंद होतो, ब्लेड चिमटलं जातं आणि सॉ मागे उसळतो. जमिनीवर जाड फोमचा बोर्ड टाका, त्यावर शीट, ब्लेडची खोली शीटच्या जाडीपेक्षा ५-६ मिलिमीटर जास्त ठेवा, दोन्ही तुकडे शेवटपर्यंत टेकलेले राहतात आणि फोम कित्येक महिने चालतो. शीट उचलायला तीन-चार माणसं लागत नाहीत हा अजून एक फायदा, एकट्याने काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून काम भागवायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. अँगल ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो, त्याला टेकायला बेस नसतो, खालचा गार्ड नसतो, ब्लेड अडकलं की मशीन सरळ अंगावर येतं. मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून बरेच जण काम करतात, त्याला निदान बेस असतो, पण खोली फार कमी मिळते आणि हलता गार्ड तिथेही नसतो, त्याच पैशात थोडी भर घालून साधा सर्क्युलर सॉ येतो तर तोच घ्या, बोटांच्या बाबतीत मी काटकसर सुचवणार नाही.

ड्रिल मात्र बॅटरीचंच. भिंतीला भोकं पाडायचं जड हॅमर ड्रिल घरात असेल तर ते भिंतीसाठीच राहू द्या, लाकडात स्क्रू मारायला हलकं, क्लच (ठरवलेल्या जोरानंतर फिरणं सोडून देणारी सोय) असलेलं, वेग हळूहळू वाढवता येणारं मशीन हवं. १२ व्होल्टचं छोटं ड्रिल फर्निचरला पुरतं आणि कपाटाच्या आत हात घालून काम करताना त्याचा हलकेपणा फार सुखाचा वाटतो. परीक्षा एकच, चकमध्ये (बिट धरणाऱ्या तोंडात) एक लांब सरळ बिट बसवा, हळू फिरवा आणि टोकाकडे बघा, टोक गोल गोल भटकत असेल तर चक वाकडा आहे, अशा ड्रिलने डॉवेलची (सांध्यातल्या लाकडी खुंट्यांची) भोकं कधीच नीट पडणार नाहीत. बिट घेताना मधे टोक असलेले लाकडासाठीचे बिट घ्या, धातूसाठीचे बिट लाकडावर सुरुवातीला घसरतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं मशीन) लांब स्क्रूला छान आहे पण त्याला क्लच नसतो, नाजूक कामात स्क्रू आरपार जातो, त्यामुळे पहिलं मशीन ड्रिलच.

बॅटरीच्या आकड्यांबद्दल सांगायलाच हवं. १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट ही तिन्ही बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, आत पाच लिथियम सेल ओळीने जोडलेले, चालताना प्रत्येकी ३.६ म्हणजे १८, नुकतंच पूर्ण चार्ज केलं की प्रत्येकी ४.२ म्हणजे २१. तसंच १०.८ आणि १२, तीन सेल. खोक्यावर ४८ किंवा ८८ असा काहीतरी आकडा आणि त्यामागे न कळणारी अक्षरं असली तर त्या आकड्याला भुलू नका, वॅट-अवर बघा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, १८ व्होल्ट ४ एएच म्हणजे ७२ वॅट-अवर, इंधन एवढंच. ते कुठेच छापलं नसेल तर समजून जा.

आणि बॅटरी घेताना तुम्ही ड्रिल घेत नाही, एक कुटुंब घेताय, कारण पुढची सगळी टूल्स त्याच बॅटरीवर यावीत असं वाटणार. इथे फसायला होतं ते असं की एकाच कंपनीच्या दोन मालिका एकमेकांना चालत नाहीत. बॉशच्या निळ्या आणि हिरव्या टूल्सच्या १८ व्होल्ट बॅटऱ्या अदलाबदल होत नाहीत, मकिताची १८ व्होल्टची मालिका आणि ४० व्होल्टची मालिका वेगळी, डीवॉल्ट आणि ब्लॅक अँड डेकर एकाच मालकाचे पण बॅटऱ्या वेगळ्या. उलट रायोबीने १९९६ पासून १८ व्होल्टच्या बॅटरीचा आकार तोच ठेवलाय, असा इतिहास असलेली मालिका बघायची. तुमच्या जवळ ज्या मालिकेची बॅटरी दुकानात सुटी सहज मिळते ती घ्या, कारण टूल दहा वर्षं चालतं, बॅटरी त्याआधी दमते, आणि ती मिळेनाशी झाली की चांगलं मशीन अडगळीत जातं.

मग सगळंच बॅटरीचं का नको? कारण सॉ, राउटर आणि सँडर सतत जोर लावून चालतात, त्यांना मोठ्या बॅटऱ्या लागतात, आणि दोन मोठ्या बॅटऱ्यांच्या पैशात बऱ्याचदा एक वायरवालं मशीन येतं. घरच्या वर्कशॉपमध्ये प्लग हाताशी असतो, वायरवालंच परवडतं. सँडर तर बॅटरीचा घेऊच नका सुरुवातीला, तो एका वेळी अर्धा-अर्धा तास चालवायचं मशीन आहे.

सँडर म्हणजे १२५ मिलिमीटरचा, आठ भोकांचा, वेग कमी-जास्त करता येणारा रँडम ऑर्बिट. चौकोनी पॅडचा स्वस्तात मिळतो तो कोपऱ्यात जातो खरा, पण टेबलटॉपवर जीव जातो. दोन गोष्टी बघा, पॅड सुटा विकत मिळतो का, कारण त्याचे हुक झिजले की पॉलिश पेपर उडून जातो, आणि धूळ बाहेर पडायची नळी तुमच्या व्हॅक्युमला बसते का. वापरताना दाबायचं नाही, मशीनच्या वजनापेक्षा जास्त जोर दिला की पॅडचं फिरणं थांबतं आणि छोटे छोटे गोल ओरखडे पडतात, ते पॉलिश लावल्यावरच दिसतात. ८०, मग १२०, मग १८०, मधली पायरी गाळू नका. प्लायवर ८० लावूच नका, वरचं विनिअर मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतं, १५० पासून सुरू करा. पेपर चांगल्या कंपनीचा घ्या आणि बोथट झाला की फेका, घासत बसू नका.

आता राउटर. पेट्या, खाचा, कडा गोल करणं, ड्रॉवरचे सांधे, हे सगळं याच्यावर, आणि मला विचाराल तर सुतारकामातली खरी मजा इथून सुरू होते. छोटा ट्रिम राउटर घ्या, पाव इंची कोलेटचा (कोलेट म्हणजे बिटाचा दांडा धरणारी पकड). आणि घेताना कोलेटचं माप नीट वाचा, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि ६ मिलिमीटर दांड्याचं बिट वेगळं असतं. ६ चं बिट ६.३५ च्या कोलेटमध्ये आवळल्यासारखं वाटतं आणि लाकडात गेलं की हळूहळू खाली सरकतं, खाच खोल खोल होत जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे बिट निसटतं. ६ ला ६ चाच कोलेट, पाव इंचाला पाव इंचाचाच. बिट पूर्ण आत घालून मग २-३ मिलिमीटर बाहेर ओढा आणि आवळा, तळाला टेकवून आवळलं तर पकड नीट बसत नाही. कोलेटमध्ये राळ आणि भुसा साठतो तो ब्रशने काढत राहा.

अर्धा इंची राउटर मोठा, महाग, पण त्याचं कारण आहे. दांडा दुप्पट जाड झाला की तो वाकायला सोळा पट कठीण होतो, म्हणून मोठी बिटं त्याच्यावर थरथरत नाहीत. पुढे राउटर टेबल करायचा असेल तेव्हा तो घ्या. ५० मिलिमीटरपेक्षा जास्त व्यासाची बिटं मात्र १२,००० आरपीएमच्या वर चालवू नका, म्हणून वेग बदलता येणारा राउटरच हवा. बिटांची पन्नास नगांची पेटी स्वस्त दिसते, त्यातली चाळीस कधी वापरली जात नाहीत आणि उरलेली दहा लवकर बोथट होतात. त्याऐवजी चार चांगली घ्या: एक सरळ, एक बेअरिंगवालं फ्लश ट्रिम (बाहेर आलेली कड दुसऱ्या तुकड्याशी सपाट करणारं), एक ६ मिलिमीटर त्रिज्येचं राउंडओव्हर (कड गोल करणारं), एक चॅम्फर (कड तिरकी करणारं). एका फेरीत ३ मिलिमीटर खोल जा, जास्त नाही, दोन फेऱ्या जास्त लागल्या तरी चालतील. आणि दिशा पाठ करा, फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना घड्याळाच्या उलट, चौकटीच्या आतल्या कडेने घड्याळाच्या दिशेने. उलटं गेलात तर बिट लाकडावर चढून पळायला बघतं. आधी आडव्या रेषेच्या दोन कडा करा, मग उभ्या, म्हणजे कोपऱ्यावर उडालेली चिरफळी पुढच्या फेरीत साफ होते.

जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याची करवत) वक्र कापायचं असेल तरच. घेतलात तर टी शँक (टी आकाराच्या बुडाचं) ब्लेड लागणारा, ब्लेडच्या मागे रोलर असणारा. स्वस्त जिगसॉ जाड लाकडात ब्लेड वाकवतो, वरून रेषेवर दिसतं आणि खालून तीन मिलिमीटर बाहेर. मायटर सॉ (फळ्या आडव्या किंवा कोनात कापणारी करवत) सोयीचा आहे, गरजेचा नाही, पट्टीने तेच काम होतं. फळ्या रंधायचं मोठं मशीन, म्हणजे थिकनेसर, जागा खातं, आवाज प्रचंड, लाकूड जिथून घेता तिथूनच रंधून घ्या.

आता टेबल सॉकडे वळतो. तो वाईट नाहीये, पट्ट्याच पट्ट्या एकसारख्या मापाच्या काढायच्या असतील तर त्याला तोड नाही. पण सगळ्यात स्वस्त टेबल सॉ म्हणजे हलका पत्र्याचा टॉप आणि हलणारा फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी), आणि फेन्स ब्लेडशी समांतर राहत नसेल तर लाकूड ब्लेडच्या मागच्या दातांवर अडकतं, आणि ते दात वरच्या दिशेने तुमच्याकडे येत असतात, फळी थेट पोटावर. म्हणून टेबल सॉ घ्याल तेव्हा ब्लेडच्या मागे रायव्हिंग नाइफ असलाच पाहिजे, म्हणजे ती पात्यासोबत वर-खाली होणारी पातळ पट्टी, जी काप मिटू देत नाही. सॉस्टॉपसारख्या मशीनमध्ये बोट लागलं की ब्लेड ५ मिलिसेकंदाच्या आसपास थांबतं, पण ती सोय स्वस्तात मिळत नाही, तिथे तुमच्याकडे नाइफ, गार्ड आणि पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी) एवढंच. फेन्स तपासायला टेबलावरच्या मायटरच्या खाचेशी (ब्लेडच्या शेजारच्या लांब सरळ खाचेशी) तुलना करा: ब्लेडच्या एका दातावर खूण करा, तो पुढे आणून खाचेपर्यंत मोजा, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन परत मोजा, आता फेन्स त्याच खाचेच्या रेषेत लावून दोन्ही टोकांना बघा. फेन्स लॉक केला, सोडला, परत लॉक केला तरी माप तेच येतं का हे चार-पाच वेळा करा. येत नसेल तर मोटर कितीही भारी असू दे. सर्क्युलर सॉ उलटा टेबलाखाली बसवून घरगुती टेबल सॉ करायचे व्हिडिओ खूप आहेत, त्यात ट्रिगर टेपने बांधलेला असतो, नाइफ नसतो, गार्ड नसतो. ते करू नका, मनापासून सांगतो. थांबा, पट्टीवर काम करा, पैसे साठवा.

कॉम्बो किटला नाही का म्हटलं तर त्यात सात-आठ टूल्समध्ये खरी कामाची दोन असतात, बाकी टॉर्च, ब्लोअर, आणि छोटी एएच असलेली बॅटरी जिच्यावर सॉ चार काप मारून बंद पडतो. ड्रिल आणि दोन बॅटऱ्या एवढाच किट असेल तर जरूर घ्या.

धूळ आणि आवाज याला लोक शेवटी बघतात, मी म्हणतो बजेटच्या कागदावर हे पहिल्या ओळीत लिहा. लाकडाच्या धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९९५ मध्ये पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींच्या यादीत. भुसा जो जमिनीवर पडतो तो त्रासदायक नाही, जो उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो आत जातो, आणि एमडीएफची धूळ सगळ्यात बारीक. सँडरला व्हॅक्युम जोडा, एन९५ किंवा एफएफपी२ मास्क लावा, आणि मशीन बंद केल्यावर लगेच मास्क काढू नका, हवेतली धूळ बराच वेळ खाली बसत नाही. आवाजाचं गणित असं की ८५ डेसिबल आठ तास चालतो, मग दर ३ डेसिबलला वेळ अर्धा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि सर्क्युलर सॉ आणि राउटर त्याच आसपास असतात. कानाला मफ लावा, स्वस्त असतो. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ कधीच नाही, एक धागा अडकला तरी हात ओढला जातो.

वायरचं सुद्धा, एक्स्टेन्शन बारीक असेल तर व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि दोष मशीनला जातो. सॉ साठी जाड तांब्याची, शक्य तितकी आखूड घ्या, आणि रीलवरची असेल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर जोराच्या कामात आतल्या आत तापते.

सेकंड हँड हा कमी बजेटचा सगळ्यात चांगला रस्ता आहे, नव्या स्वस्त मशीनपेक्षा जुनं चांगलं मशीन मी केव्हाही घेईन, फक्त वायरवालं. बॅटरीवालं जुनं घेतलं तर बॅटरी किती दमलीय कळत नाही, ती नवी घ्यावी लागणार असं धरूनच भाव करा. वायरवाल्याचा प्लग लावायच्या आधी शाफ्ट हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं पण किंमत कमी करून मागा. वायर जिथे मशीनमध्ये शिरते तिथे वाकवून बघा, तडे तिथेच पडतात. चालू करून हवा जायच्या फटींमधून आत बघा, कार्बन ब्रशपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या, झिजत जाणाऱ्या तुकड्यांपाशी) बारीक निळसर ठिणग्या चालतात, पूर्ण गोल फिरणारी आगीची कडी दिसली तर मोटर संपत आलीय, सोडून द्या. बंद केल्यावर हळूहळू थांबलं पाहिजे, गचकन थांबलं किंवा जळका वास आला तर नको. राउटर असेल तर सोबत एक बिट घेऊन जा आणि कोलेटमध्ये आवळून बघा. आणि मॉडेल नंबर फोनवर टाकून त्याचे कार्बन ब्रश अजून मिळतात का ते तिथेच उभं राहून शोधा, मिळत असतील तर दोन जोड्या लगेच मागवून ठेवा, वायरवाल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा आधी तेच झिजतं आणि बदलायला बहुतेक मशीनमध्ये एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.